शाळा निघाली गुरांमागे

शाळेला दांडी मारायची तर काय काय सोंगं करावी लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. पोटात दुखतं, डोकं जड झालंय, थंडी वाजून येतेय... आई कपाळाला हात लावून बघते आणि म्हणते, "काही नाही झालेलं, उठ!" पण समजा, तुमचं सोंग वठलं. तुम्ही गावाबाहेरच्या माळावर जाऊन मजेत बसलात. थोड्या वेळानं मागे वळून बघता तर काय, खांद्याला झोळी अडकवून बाई तुमच्याच दिशेनं येताहेत! झोळीत पाट्या, पेन्सिली, चित्रांचं पुस्तक. बाई रागावत नाहीत, कान धरत नाहीत. तिथंच गवतात बसतात आणि म्हणतात, "चला, आज शाळा इथंच."

अशी शाळा खरोखर होती. आपल्याच महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीच्या आसपास. तिचं नाव होतं कुरणशाळा. फरक एवढाच, की त्या माळावरची मुलं दांडी मारून आलेली नव्हती. ती कामावर होती.

हा डहाणू-तलासरीचा भाग म्हणजे महाराष्ट्राच्या किनारपट्टीचं अगदी वरचं टोक. पूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 पासून नवा पालघर जिल्हा झाला, त्यात गेले. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला गुजरात, पूर्वेला डोंगर. घोलवड-बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्या. तुम्ही बाजारात 'घोलवडचा चिकू' म्हणून ओरडताना ऐकलं असेल, तो इथलाच. समुद्रापासून जरा आत गेलं की पाडे लागतात. पाडा म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. कुडाच्या भिंती, शेणाचं सारवण, अंगणात कोंबड्या. इथं प्रामुख्यानं वारली लोक राहतात. हो, तेच वारली, ज्यांची गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं तुमच्या भेटकार्डावर, कपबशीवर आणि ताईच्या ओढणीवरसुद्धा असतात.

पण चित्रं जगभर गेली ती पुढं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी इथली परिस्थिती फार वाईट होती. जमीन सावकार-जमीनदारांची. आदिवासी माणसानं लग्नासाठी चार पैसे कर्ज काढलं, की ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, आणि ते कर्ज काही फिटायचं नाही. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. शिवाय वेठ होतीच. वेठ म्हणजे फुकट काम. 23 मे 1945 या दिवशी झरी या गावी (हे आता तलासरी तालुक्यात आहे) हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, यापुढं वेठ करायची नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे पतिपत्नी त्यांच्या पाठीशी उभे होते. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मोठे झालात की जरूर वाचा. आईबाबांनी आत्ताच वाचायला हरकत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर 1945 मध्ये, बोर्डीला दोन बायका येऊन राहिल्या. एकीचं वय त्रेपन्न, दुसरीचं पस्तीस. त्यांना लहान मुलांची शाळा काढायची होती.

दोन ताया

मोठ्या होत्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, 1892 चा. त्या काळात बी.ए. झालेल्या. राजकोटला मुलींच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉल होत्या, म्हणजे मोठा हुद्दा, मोठा पगार. ते सगळं सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, पण वकिली सोडून बालवाडीतल्या मुलांत रमले. त्यांना लोक 'मूछाळी माँ' म्हणत, म्हणजे मिशावाली आई! या दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढं 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. शिशुविहार चांगला चालला होता. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शहरातल्या मुलांसाठी छान छान खेळणी आहेत, गाणी आहेत, शिकलेल्या बाई आहेत. खेड्यातल्या मुलांचं काय?

दुसऱ्या अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला 17 मार्च 1910 रोजी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. तुमच्या सातवीतल्या ताईएवढी मुलगी! त्या काळच्या रीतीप्रमाणं तिचं सारं आयुष्य माजघरात संपायचं. पण घरच्यांनी शिकवलं, अनुताईही जिद्दीच्या. शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या, दिवसा नोकरी करून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या. (बी.ए. तर त्या झाल्या पन्नाशीच्या आसपास, डोळ्यांचा त्रास असताना. परीक्षेच्या नावानं रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, असं मी म्हणणार होतो. पण जाऊ दे.) 1945 मध्ये एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि हुजूरपागेतली पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या.

बोर्डी हे शिक्षणाच्या बाबतीत अगदीच कोरं गाव नव्हतं. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथलं हायस्कूल 1920 पासून नावारूपाला आणलं होतं. पण हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलं कोणाची? सुखवस्तू घरातली. हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेच्या फाटकापर्यंतही येत नसत.

बालवाडी तर काढली. पण मुलं येईनात. बोलवायला गेलं की पळून जायची. का येतील? शाळा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि पांढऱ्या लुगड्यातल्या अनोळखी बाईंचं त्यांना भय वाटायचं. परक्या माणसांनी त्यांच्या पाड्यावर येऊन आजवर काही बरं केलेलं नव्हतं.

मग ताराबाईंनी एक साधा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळेनं मुलाच्या दारी जावं. वाड्यातल्याच एका अंगणात जायचं, झाडून घ्यायचं, मुलांना जमवायचं. आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, खरजेला औषध लावायचं. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणातली बालवाडी म्हणून तिला 'अंगणवाडी' म्हणू लागले.

थांबा! हा शब्द ओळखीचा वाटतो ना? तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, कुठं ना कुठं अंगणवाडीची पाटी असेलच. 2 ऑक्टोबर 1975 रोजी भारत सरकारनं लहान मुलांसाठी एक मोठी योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशात 13 लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. केरळात जा, आसामात जा, शब्द तोच. तो आला बोर्डीच्या अंगणातून.

शंख, चिंचोके आणि बांबूच्या कांड्या

आता एक अडचण अशी होती. लहान मुलांनी हातानं वस्तू हाताळत शिकावं, ही पद्धत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची. त्यासाठी त्यांनी लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, रंगीत पट्ट्या, दट्टे असं पुष्कळ साहित्य तयार केलं होतं. छानच साहित्य, पण महाग. एका पेटीच्या किमतीत इथलं एखादं कुटुंब कितीतरी दिवस जेवलं असतं.

ताराबाई आणि अनुताई समुद्रावर गेल्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले काही विकत घ्यावे लागत नाहीत. लहान, मोठा, त्याहून मोठा, असे शिंपले ओळीनं लावले की झाला धडा. चिंचोके मोजायला. बांबूच्या कांड्या लांबी-आखूडपणासाठी. गुळगुळीत दगड आणि खरखरीत दगड. पानं आकारांसाठी, फुलं रंगांसाठी. मातीची भांडी, नारळाच्या करवंट्या, भाताचे दाणे, वाळू. जे पाड्यावर मिळतं, ते शाळेत.

हे वाचताना स्वस्तातली सोय वाटते, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. लाकडी ठोकळ्यांसमोर पाड्यावरचं मूल पाहुणं असतं. चिंचोक्यांसमोर ते घरचंच असतं. कोणत्या झाडाचं पान कसं असतं हे त्याला बाईंपेक्षा जास्त कळतं! बाईंना माहीत नसलेलं काहीतरी आपल्याला येतं, हे कळल्यावर कुठल्याही मुलाची मान जरा वर होते. तुमचीही होते की नाही?

घरी धाकटं भावंडं असेल तर करून बघा. एका पिशवीत चिंचोका, हरभरा, सुपारी, बटण आणि शिंपला घाला. डोळे मिटून, नुसत्या हाताच्या स्पर्शानं ओळखायला सांगा. (अगदी तान्ह्या बाळासमोर मात्र नको, ते सगळं तोंडात घालतं.)

टेकडीवर

बोर्डीला दहाएक वर्षं काम केल्यावर, 1956-57 च्या सुमारास, ताराबाई आणि अनुताईंनी आपलं बिऱ्हाड जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. इथं आजूबाजूला पाडेच पाडे. ताराबाई तेव्हा चौसष्ट-पासष्ट वर्षांच्या. आपले आजोबा त्या वयात पेन्शन घेऊन बागेत फिरतात.

इथं पुन्हा तोच प्रश्न, मुलं कुठायत? या वेळी उत्तर वेगळं निघालं. शोधून पाहिल्यावर कळलं की मुलं घाबरून नव्हे, कामामुळं येत नाहीत.

सहा-सात वर्षांची मुलगी. आईबाप मजुरीला गेलेले. हिच्या कमरेवर धाकटा भाऊ. त्याला टाकून ही शाळेत येणार कशी? आठ-नऊ वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे गुरं. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची. एखादं जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं तर मार खायचा. त्यानं शाळेत येऊन 'क कमळातला' गिरवायचा, तर गुरं कोणी सांभाळायची?

आपल्याला वाटतं, शाळेत न येणारी मुलं म्हणजे उनाड. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, पावसाळा लागला की यायचा बंद. गुरुजी हजेरी घेताना त्याचं नाव आलं की आम्ही हसायचो. तो त्या वेळी कुणाच्या तरी शेतात गुडघाभर चिखलात उभा असायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे खरं तर ठाऊक होतं. विचारायचं सुचलं नव्हतं.

अनुताई आणि ताराबाईंना सुचलं. त्यांनी विकासवाडी उभी केली. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईनं भावाला कमरेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात द्यावं, त्याहून मोठा असेल त्याला बालवाडीत बसवावं आणि स्वतः वर्गात जावं. भाऊ रडला तर शेजारीच आहे. शाळा सुटली की तिघं मिळून घरी. किती सोपं! पण तोपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं, कारण शाळा बांधणारे लोक बहुधा त्या मुलीला कधी विचारत नाहीत.

आणि गुराखी पोरांसाठी निघाली कुरणशाळा.

आता जरा तुम्हीच त्या कुरणावर बसा. गुरं चरताहेत. वर घारी घिरट्या घालताहेत. बाई आल्या. फळा नाही, बाक नाही, घंटा नाही. बेरीज शिकायची तर समोर गुरं आहेत. तुझी किती, त्याची किती, मिळून किती? दोन ओढ्यापलीकडं गेली, आता किती उरली? वजाबाकी झाली, आणि गेलेली दोन परत आणायची असल्यामुळं ती वजाबाकी कोणी विसरणार नाही. झाडं, पाखरं, किडे, ढग हे विज्ञान. टेकडीवर उभं राहून समुद्र कुठं, गुजरात कुठं, आपला पाडा कुठं, हा भूगोल. गोष्ट ऐकता ऐकता गुरांवर एक डोळा ठेवायचा. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही होते.

सगळं गोडगोड होतं, असं मात्र समजू नका. पुस्तकातली मराठी वेगळी आणि घरातली वारली बोली वेगळी. मुलाला पहिल्याच पानापासून परक्या भाषेत शिरावं लागे. आजही लागतं. आवणी आली, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस आले, की वर्ग रिकामे. गवतकापणी आली की रिकामे. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबं पोटासाठी बाहेरगावी जातात, वीटभट्टीवर नाहीतर गुजरातेत, आणि मुलंही बरोबर जातात. ताराबाई आणि अनुताईंना हे सगळं सुटलं असं नाही. पण मूल जिथं आहे तिथं शाळा न्यायची, ही कल्पना त्यांनी रुजवली. महाराष्ट्रात पुढं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या (भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी), ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. त्या कुरणशाळेच्या धाकट्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

सण कोणाचे?

शाळा म्हटली की सण आलेच. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी. पहाटेची प्रभातफेरी, इस्त्रीचे नसले तरी धुतलेले कपडे, झेंड्याला सलामी आणि शेवटी हातावर पडणारा खाऊ. लेझीम, गाणी, भाषण पाठ करून आलेला आणि मधेच विसरलेला एक मुलगा. हे सगळीकडं सारखंच.

पण डहाणू-तलासरीकडच्या शाळांच्या कार्यक्रमात एक गोष्ट असते, ती तुमच्या शाळेत बहुधा नसेल. तारपा! वाळवलेला दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या जोडून केलेलं हे लांबलचक वाद्य. वाजवणारा गाल फुगवून एकसारखा वाजवत राहतो, दम घ्यायलाही थांबत नाही. मुलंमुली एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती गोल गोल फिरतात. तारपेवाला सूर बदलेल तशी पावलं बदलतात. भात तयार व्हायच्या सुमारास पाड्यापाड्यांवर हा नाच रंगतो. वारली चित्रात माणसांचं जे चक्र दिसतं ना, गोगलगाईच्या पाठीसारखं, ते हेच.

ही चित्रंही मुळात घरच्या सणाचीच. लग्न असलं की बायका घराच्या भिंतीवर चौक लिहीत. 'काढत' नाही, 'लिहीत'! डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; 2018 मध्ये ते वारले. आता या भागातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीच अशा चित्रांनी सजलेल्या दिसतात.

मला यात एक गंमत वाटते. एके काळी या मुलांना शाळेत यायचं म्हणजे आपलं घर बाहेर ठेवून यावं लागे. बोली बाहेर, नाच बाहेर, देव बाहेर. वाघबारशीला पाड्यावर वाघदेवाची पूजा व्हायची आणि शाळेच्या पुस्तकात त्याचा पत्ताच नसायचा. शिंपल्यांच्या पाठोपाठ हळूहळू तारपाही आत आला. अजून भाषा पुरती आत यायची आहे.

हादरे

2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत एक वेगळंच संकट सुरू झालं. भूकंपाचे धक्के. धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली आणि थांबेचना. काही धक्के बारीक, भांडी वाजवण्याएवढे. काहींची तीव्रता 4 च्या वर. भिंतींना भेगा पडल्या. लोक रात्री घराबाहेर, थंडीत, झोपू लागले. शाळेच्या वर्गात बसायची मुलांना भीती वाटू लागली. मग कित्येक ठिकाणी मुलांना वर्गाबाहेर, मोकळ्यावर बसवून शिकवायला सुरुवात झाली. धक्का बसला तर काय करायचं, कुठं पळायचं, याचा सराव हाही एक तास झाला.

झाडाखाली बसलेली मुलं, समोर बाई, भोवती गवत. भीतीपोटी का होईना, पण शाळा पुन्हा कुरणावर आली होती.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताई त्यांच्यामागं एकोणीस वर्षं काम करत राहिल्या. 1982 मध्ये त्यांनी प्राध्यापक रमेश पानसे यांच्याबरोबर 'ग्राममंगल' ही नवी संस्था काढली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या! तिचं काम याच तालुक्यातल्या ऐने गावी उभं राहिलं. 1985 मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली आणि 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाबद्दल लिहिलं आहे. शाळेच्या ग्रंथालयात विचारा. नसेल तर सरांच्या मागे लागा.

आणि सुटीत जमलं तर टेकडी बघूनच या. मुंबईकडून येणाऱ्यांना आता विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल मिळते. पुढचं स्टेशन घोलवड. हिवाळ्यात गेलात तर वाटेत चिकू घ्यायला विसरू नका, आणि समुद्रावर गेलात तर खिशात थोडे शिंपले भरा. लहान, मोठा, त्याहून मोठा, असे ओळीनं लावता येतील इतके तरी.